भिंतीकडे तोंड करून बसणारे पाहुणे

आलेल्या पाहुण्याला भिंतीकडे तोंड करून बसवणारा यजमान उभ्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्याकडे पाहुणा फाटकाशी आला की 'या, या' अशी हाक जाते की शेजारीही बाहेर येऊन पाहतात. अकोल्यात जठारपेठेतल्या या घरी मात्र साडू ओठांवर बोट ठेवून उभे. बेल वाजवायची नाही, कोपऱ्यावरून फोन करायचा. फाटकातून आडवं चालत यायचं. आत भुऱ्या नावाचा कुत्रा भुंकून घर डोक्यावर घेत असतो, त्याच्याकडे पाहायचं नाही. माझी मेव्हणी त्याच्यापुढे भाकरीचा तुकडा टाकते आणि तो खाईपर्यंत पाहुण्याने भिंतीकडच्या खुर्चीत बसून राहायचं. चहासुद्धा मागून, खांद्यावरून येतो.

हे सगळं साडूंना गुरांच्या डॉक्टरांनी थोडं आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी फार शिकवलं. एकदा चांदूर बाजारहून दूरचे नातेवाईक लग्नाची पत्रिका द्यायला आले. घर चिडीचूप, यजमान कुजबुजतोय, आपल्याला भिंतीकडे बसवलंय, हे पाहून त्यांनी पत्रिका पिशवीतच ठेवली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो घरातलं?"

मी साडूंना म्हणालो, "अहो, पाहुणे तुटतील अशानं."

"तुटू द्या ना! कुत्र्याले भेव वाटते म्हणून तो भुकते. पाहुण्याले कायचं भेव हाय?"

मी भिंतीकडे वळलो आणि चहा संपवला.

खरं दुखणं वेगळं होतं. भुऱ्याला पिल्लू असताना साडूंच्या एकुलत्या एका लेकीने उचलून आणलं होतं. ती लग्न होऊन अमरावतीला गेली तेव्हापासून तो दारात बसू लागला आणि तिच्याऐवजी जो येईल त्याच्यावर भुंकू लागला. एका दिवाळीला त्याने तिच्या सासऱ्यांचं धोतर धरलं. झालं! पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ते सासरीच झालं. विहीणबाईंचा निरोप आला, "कुत्र्याले शेतात पाठवा, मंग नातू पाठवतो." साडूंना नातू हवा होता आणि कुत्रा सोडवत नव्हता. म्हणून दर रविवारी अमरावतीहून मी सरावाचा पाहुणा होऊन जायचो. तीन महिने गेले. त्या घरात नक्की कोण शिकतंय, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

अखेर भुऱ्या माझ्यावर भुंकेनासा झाला आणि विहीणबाई सून-नातवाला घेऊन आल्या. मेव्हणीने उंबऱ्यावर रीतीप्रमाणे दोघांवरून भाकरतुकडा ओवाळला आणि बाजूला टाकला. भुऱ्याला वाटलं, आपलाच! त्याने तो खाल्ला आणि शहाण्यासारखा पोत्यावर जाऊन बसला.

"अवो, बाळाची नजर कुत्र्यानं खाल्ली!" विहीणबाई ओरडल्या. हे चांगलं की वाईट, कुणालाच ठरवता येईना. लेकीने नुसतं "भुऱ्या" म्हटलं. तो उठला, शेपूट हलवत आला, बाळाचे पाय हुंगले आणि तिच्या पायाशी लवंडला. माझा जीव भांड्यात पडला.

पण साडू कुठे? ते माझ्या खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून.

"बाबा, इकडं पाहा ना! तुमचा नातू आला."

"थांब बेटा," ते भिंतीलाच म्हणाले, "त्याले सवय होऊ दे आधी."

कुत्र्याला की नातवाला, हे कुणी विचारलं नाही. त्यांचे खांदे हलत होते. 

महिनाभर राहून लेक बाळाला घेऊन सासरी गेली. मी अजूनही अधूनमधून रविवारी जातो. फाटक वाजलं की साडू आणि भुऱ्या दोघंही दारात येतात. भुंकत कुणीच नाही, पण दोघंही आधी माझ्या मागे कुणी आहे का ते पाहतात. मग मी आपणहून भिंतीकडे तोंड करून बसतो.