आइसक्रीमच्या डब्यातले दोर

आमच्या घरात आइसक्रीमच्या डब्यात आइसक्रीम कधीच नसतं. झाकणावर रास्पबेरी असेल तर आत आमटी, व्हॅनिला असेल तर खवलेला नारळ. लग्न होऊन मिल्टन कीन्सला आले तेव्हापासून मी एकही डबा फेकलेला नाही. त्यामुळे झाकण वाचायची सवय आमच्यात कुणालाच नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याला माझ्याकडे एवढीच सबब आहे.

माझी मुलगी समुद्रातल्या प्लास्टिकवर पीएचडी करते. म्हणजे सहा आठवडे आर्क्टिकमध्ये कॉड पकडणाऱ्या बोटीवर राहायचं, आणि जाळं वर आलं की बाकीचे लोक मासे बघत असताना हिनं कचरा बघायचा. दोरांचे तुकडे, फाटकी जाळी, पॅकिंगच्या पट्ट्या, एखादा रबरी हातमोजा. "बरंचसं फिशिंगवाल्यांचंच असतं, आई. तेच टाकतात आणि तेच परत पकडतात." मेडिसिन सोडून हे का, असं मी तिला एकदाच विचारलं होतं. म्हणजे दर दिवाळीला एकदा.

गेल्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी ती बोटीवरून थेट घरी आली. लॅब सोमवारी उघडणार होती. फ्रीझरमध्ये काहीतरी ठेवून ती जी झोपली, ती शनिवारी दुपारपर्यंत उठली नाही.

शनिवारी सकाळी मी आमटी समजून डबा काढला, तर माशाचा वास. म्हटलं, पोरीनं आईसाठी कॉड आणला! काय जीव सुखावला माझा. बर्फ सुटल्यावर बघते तर निळे-नारिंगी दोर, जाळ्याच्या चिंध्या, आणि त्यांना चिकटलेला शेवाळाचा नि बारीक शिंपल्यांचा थर. आता काय म्हणावं या मुलीला! कचरा आणायचा, तोही घाणेरडा.

मग मी तो धुतला. नीट धुतला, अर्धवट काम मला जमत नाही. आधी साध्या पाण्यात खळबळून ते पाणी खिडकीतल्या कढीपत्त्याला घातलं, कारण माशाचं पाणी झाडाला चांगलं. मग गरम पाणी, लिक्विड, ब्रश. शेवटी गार्डनमध्ये दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. लांबीप्रमाणे.

मुलगी खाली आली, चहा घेऊन खिडकीशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"आई, ते काय आहे?"

"तुझंच सामान. किती घाण होतं गं!"

ती फरशीवर खाली बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही उलट ओरडले असते. ती हळू आवाजात सांगत गेली. दोर किती वर्षं पाण्यात होता याचा अंदाज त्या शिंपल्यांवरून बांधायचा असतो. आता ते नुसते स्वच्छ दोर होते. थिसिसचा एक अख्खा चॅप्टर आमच्या गार्डनमध्ये वाळत होता. मग तिनं झाकण दाखवलं. मोठ्या काळ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: सँपल, उघडू नका.

तीस वर्षं मी भूल द्यायचं काम केलं. दोनदा लेबल वाचल्याशिवाय एक सिरिंज कधी हातात धरली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही दोघींनी कढीपत्ता उपटून कुंडीतली माती चाळली. दोन शिंपले मिळाले. कुठल्या दोराचे, देव जाणे.

रविवारी ती प्रोफेसरना ईमेल लिहीत होती. मी मागून वाचलं. घरचा फ्रीझर बंद पडला, असं लिहिलं होतं.

"फ्रीझरला काय धाड भरलीय?" मी म्हणाले.

"जाऊ दे ना, आई. तुझं नाव कशाला मध्ये?"

"खरं लिही. हॉस्पिटलमध्ये चूक झाली की मी स्वतः फॉर्म भरायचे. मशीनवर ढकलायचे नाही."

तिनं ते खोडलं आणि लिहिलं, माझ्या आईनं सगळं धुतलं.

फेब्रुवारीत ती परत गेली. आणखी सहा आठवडे, त्याच बोटीवर, निव्वळ माझ्यामुळे. आमचे हे रोज ब्रेकफास्टला मोबाइलवर त्या समुद्राचं हवामान बघायचे आणि "वारा आहे" एवढंच सांगायचे. आर्क्टिकमध्ये वारा असणारच, मी काय कुकुलं बाळ आहे? मी त्यांच्यावर खेकसायचे, आणि मग विचारायचे, किती?

मार्चअखेर ती आली. मला वाटलं होतं, या वेळी सामान कुठेतरी दुसरीकडे ठेवून येईल. तिनं पुन्हा माझाच फ्रीझर उघडला, डबा आत ठेवला आणि झोपायला गेली.

मी जाऊन बघितलं. झाकणावर इंग्रजी एक अक्षर नव्हतं. मराठी लिहायला ती लहानपणी रविवारच्या शाळेत शिकली होती, पण ते ती केव्हाच विसरली असं मी धरून चालले होते. वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं होती: आई, आधी वाच.

फ्रीझरचं दार उघडं टाकून मी तिथेच रडले. मग दार लावलं. सँपल वितळलं असतं.