गिरवलेली सही

माझी बायको भांडायची, टोमणे मारायची, पण खोटं बोलत नव्हती. ती गेली आणि तेराव्यालाच तिचा भाऊ भिंतीवर टांगलेल्या क्रिकेटच्या बॅटकडे बघून म्हणाला, "त्यावरची सही ताईनेच ठोकली असणार. एवढा मोठा खेळाडू पोळ्या लाटणारीला कशाला बॅट देईल?"

पंगतीतले दोघं-तिघं हसले. मी वाढत होतो. हातातलं भांडं ठेवून आत गेलो. त्याला उत्तर द्यायला ती पाहिजे होती.

ती मैदानावरच्या स्वयंपाकघरात पोळ्या करायची. एका सामन्यात बाहेरगावच्या खेळाडूची बॅट चिरली. हिने सरळ मागितली, कपडे धोपटायला. तो हसत सुटला आणि वर सही करून दिली. तेव्हा मी कारखान्यात पाळीवर होतो. घरी आल्यावर तिने सांगितलं, तेवढंच मला ठाऊक. तो खेळाडूही आता नाही.

कपडे काही तिने त्या बॅटने धोपटले नाहीत. खंडेनवमीला माझे पाने-पक्कड, तिचं पोळपाट-लाटणं आणि ती बॅट, सगळं एका पाटावर मांडायची आणि हळदकुंकू लावायची.

मामाचं बोलणं माझ्या मुलाला लागलं. तो वेगळा, शहरात सुभानपुऱ्याला राहतो. म्हणाला, "बाबा, सह्या तपासणाऱ्या कंपन्या असतात. दाखला आणतो, मामाचं तोंड बंद." एका कंपनीला त्याने फोटो पाठवला. सही खरी, असा दाखला आला. मामा फोनवर म्हणाला, "फोटो बघून तर ज्योतिषीपण सांगतो. भाचेबुवा, तुम्हाला उल्लू बनवलं."

मग दुसऱ्या कंपनीकडे बॅटच पाठवली. त्यांनी कळवलं, सही खोटी. शाई अलीकडची, रेघ थांबत थांबत ओढलेली, कोणीतरी गिरवलेली.

मुलगा छाणीला माझ्या घरी आला आणि त्याने ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, "बरोबर आहे. तुझी आई गिरवायची. कुंकू ओल्या फडक्याने पुसलं की सही फिकी व्हायची. मग ती बॉलपेन घेऊन बसायची."

तो डोकं धरून बसला. "आधी का नाही सांगितलं?"

"तुझ्यासमोरच तर गिरवायची."

"मला वाटायचं पूजेतलंच काहीतरी आहे," तो म्हणाला.

मलाही तसंच वाटायचं. देवाला शेंदूर पुन्हा लावतात, तसं.

त्याने दोन्हीकडे फोन केले. पहिले म्हणतात, वळण त्या खेळाडूचंच, आमचा दाखला कायम. दुसरे म्हणतात, वरचं वळण कोणाचंही असेल, खाली काय आहे ते दिसत नाही. औषध लावून वरची शाई काढली तर खालची कदाचित दिसेल. कदाचित तीही निघून जाईल. घरच्यांनी हो म्हटलं तर करू.

"बाबा, काय करू?" मुलाने विचारलं.

मी सातवी शिकलेला माणूस. काय सांगू? काढू द्यावी तर तिच्या हातचं जाईल. पोळ्या लाटून दुखऱ्या झालेल्या बोटांनी जीभ दातांत धरून काढलेली रेघ आहे ती. दुसरं कुठे काही लिहायची नाही. नाही काढली तर तिचा भाऊ म्हणतो ते तसंच राहील. मी म्हटलं, "बॅट परत आण." तो म्हणाला, "मग मामाला काय सांगू?" तो चिडून गेला, पण बॅट घेऊन आला.

परवा खंडेनवमी झाली. मी पाट मांडला. पोळपाट-लाटणं ठेवलं, बॅट ठेवली. मेहुणा दरवर्षीसारखा जेवायला आला होता. बॅट बघून म्हणाला, "चालशे, चालेल दाजी, खोटी तर खोटी, पूजा करा." मी पूजा केली. काल कुंकू पुसलं. सही फिकी झाली. बॉलपेन घेऊन बसलो. पण मी वरून गिरवली तर तिची रेघ खाली झाकली जाणार.

पेन खिशात ठेवलं. पुढच्या वर्षी आणखी फिकी होईल.