सगळे डावे पाय

"मास्टर, ये कौन पहनेगा? दोन्ही डावे पाय असलेला माणूस उल्हासनगरात कुठे भेटतो, ते तरी सांग."

शेठ ओरडत होते. आवाज असा, की तिकडे अंबरनाथला कुणाचा चहा उतू गेला असेल. कारखान्यातल्या सगळ्या शिलाई मशिनी थांबल्या. शेठनी जीन्सचा कापलेला एक पाय उचलला आणि उपरण्यासारखा माझ्या गळ्यात घातला.

"सत्कार करा रे मास्टरचा."

चारपाच जण हसले. मीच शिकवलेले.

चूक माझीच होती. कापड कापणारा मास्टर मी. कापडाचे थर लावायचे, वर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून खडूने एक पाय आखायचा, मग फर्मा उलटून दुसरा. मी उलटायला विसरलो. कापायची मशीन फिरवली. एकशेवीस थर. सगळे डावे.

आणि विसरला कोण? रस्त्यापलीकडून माणूस चालत आला की त्याची कंबर सांगणारा मी. एका पुढाऱ्याची छत्तीस सांगितली. तो चौतीसच शिव म्हणून अडून बसला. पुढच्याच सभेत 'बंधू-भगिनींनो' म्हणताना बटण उडालं, पहिल्या रांगेत पडलं. झोपही तशीच होती. मी बदलापुरात घोरायचो, कुत्री पार जांभूळ गावापर्यंत पळायची.

मग कोविड आला. अर्धं शटर पाडून शेठनी आमच्याकडून डॉक्टरांचे पांढरे सूट शिवून घेतले. स्वतः घरून व्हिडिओ कॉलवर ओरडायचे. अकरा जण तापाने पडलो. दहा परत आलो.

ताप गेला, झोप घेऊन गेला. डोळा लागतो, तासाभरात धडधडून जाग. दिवसा डोक्यात ओला कापूस. एकदा शेजाऱ्याच्या घरात शिरून चहा मागितला. त्याच्या बायकोने दिला. अर्धा कप प्यायल्यावर कळलं, भिंतीचा रंग आपला नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोविड गेल्यावर काहींना हे मागे राहतं. चिठ्ठीवर तसं लिहून दिलं.

ती चिठ्ठी मी शेठपुढे धरली. त्यांनी वाचली नाही.

"कोविड कब का गया. तुझ्याच डोक्यात राहिला काय? तुमच्या वस्तीत सकाळपासून पिणं चालू होतं, मला माहीत आहे." मग मोबाईल काढला. आवाज एकदम मऊ. "माल घेणाऱ्या पार्टीला कारण द्यायचंय. इथे बघून बोल, मी पिऊन आलो होतो. बस. उद्या कामावर ये."

आमची वस्ती बुद्धविहारामागची. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञाही तेव्हाच. त्यानंतर आमच्या घरात थेंब आला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा आजी हुंगून बघायची. डोकं माझं गेलं होतं. पण ही गोष्ट डोक्यात नव्हतीच, विसरणार कशी?

मी गळ्यातला पाय काढला. घडी घातली. टेबलावर ठेवला.

"चूक माझी. आजार तुमच्या शटरमागचा. दारू कुणाचीच नाही. हे रेकॉर्ड करा."

शेठनी मोबाईल खिशात टाकला आणि दरवाजाकडे बोट केलं. हसणारे आता खाली बघत होते. बघू देत.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तांदळातला एक खडा वेचून फेकला.

"आता दुसऱ्या कारखान्यात काय सांगणार?"

"आजारी आहे, हे सांगणार. कामाचं नंतर बोलणार."