घाई करू नये

सकाळी दहाला पुंजाराम आपल्या खेळांच्या हॉलचं शटर वर करत आणि सव्वादहापर्यंत त्यांचं डोकं फिरलेलं असे. कोणी फोनला चार्जिंग मिळेल का विचारी, कोणी हसवणाऱ्या आरशापुढे अर्धा तास रील काढी आणि एकही खेळ न खेळता चालू लागे. वयाच्या बहात्तराव्या वर्षी माणसाला इतका वैताग का सोसावा लागतो, हे त्यांना कळत नसे. हॉल बंद करून घरी बसावं, हेही कळत नसे.

मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात ते फिटर होते. मुंबईत चौपाटीजवळचा एक जुना खेळांचा हॉल मोडीत निघाला, तेव्हा तिथली यंत्रं ट्रकमध्ये घालून त्यांनी नाशकात आणली. लोखंडी गोळी उडवायचा खेळ, पत्र्याची बदकं पाडायची बंदूक, काचेमागे रस्ता पळवणारी मोटार आणि वजनाचा काटा. खाऱ्या वाऱ्याने सगळी गंजून गेलेली. पुंजारामांनी एकेक स्क्रू खोलून ती पुन्हा चालती केली. नाशकात समुद्र नव्हता, पण गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या गावात घाटाजवळचा हॉल चालून गेला.

सगळ्यांत जास्त छळलं ते वजनाच्या काट्याने. वर उभं राहून टोकन टाकलं की लाल-पांढरी चकती गरगर फिरे, दिवे लुकलुकत आणि खालून भविष्याचं तिकीट पडे. छापील तिकिटं कधीच संपली होती. तेव्हापासून पुंजाराम जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात भविष्य लिहीत. एकदा एक गृहस्थ तिकीट नाचवत भांडायलाच आले. ‘कृपया आहेर आणू नये’ हे कसलं भविष्य, असं त्यांचं म्हणणं. तिकीट उलटून बघायची तसदी त्यांनी घेतली नव्हती.

त्यात लोकांना धीर म्हणून नव्हता. काटा स्थिर व्हायच्या आत धाडकन उतरायचे आणि आतली स्प्रिंग तुटायची. वर्षात तीनदा तुटली. पुंजारामांनी मोठ्या अक्षरात पाटी लावली, तर लोक तिला टेकून फोटो काढू लागले. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. पाटी कोणी वाचत नाही, पण भविष्य मात्र प्रत्येक जण वाचतो. मग त्यांनी निम्म्या तिकिटांवर लिहून टाकलं, ‘घाई करू नये. थांबावे.’ माणूस पुन्हा काट्यावर चढला की निदान नीट उभा राहील, एवढाच हिशेब. त्यानंतर वर्षभर स्प्रिंग तुटली नाही आणि पुंजाराम स्वतःवर भलतेच खूश झाले.

दर बुधवारी घाटावरचा बाजार आटोपला की मखमलाबादच्या कुसाबाई येत. झेंडू-शेवंतीचा मळा होता त्यांचा. फुलांची रिकामी पाटी दाराशी ठेवून त्या काट्यावर चढत आणि देवापुढे उभं राहावं तशा निश्चल उभ्या राहत. शहाणं गिऱ्हाईक म्हणून पुंजाराम त्यांना मानत.

परवाच्या बुधवारी त्यांनी कनवटीतून चार तिकिटं काढून टेबलावर मांडली. चारही तिकिटांवर तेच, ‘घाई करू नये. थांबावे.’

“दादा, तुमचा काटा खरा हाय,” त्या म्हणाल्या. “चार बुधवार झाले, एकच सांगतोय.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या गर्भाशयात गाठ निघाली होती. महिन्याच्या आत काढून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरचे म्हणत, तुझं तू ठरव. कुसाबाईंनी काट्याला विचारलं, काटा थांब म्हणाला, त्या थांबल्या. एवढ्यात वजन तीन किलोंनी उतरलं होतं, पण ते मळ्यातल्या कामाने असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

पुंजारामांच्या अंगाची लाहीलाही झाली. ते तिकीट स्प्रिंगसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. गठ्ठा आणून टेबलावर ओतला, पेन दाखवलं, अक्षर जुळवून दाखवलं. कुसाबाई ढिम्म हलल्या नाहीत. लिहिता तुम्ही, पण कोणतं पडायचं ते तुमच्या हातात हाय का, असं त्यांनी उलट विचारलं. निम्मी तिकिटं तीच आहेत, असं पुंजाराम ओरडले, तर मग उरलेली निम्मी का नाय पडली, म्हणाल्या. पुंजारामांनी कपाळावर हात मारून घेतला.

अखेर कुसाबाईंनीच तोड काढली. आज पुन्हा उभी राहते, जा म्हणाला तर उद्या जाईन.

पुंजाराम तरातरा काट्यामागे गेले. खाली बसून मागची झडप उघडून सगळी तिकिटं त्यांनी मांडीवर उपसून काढली. एका कोऱ्या तिकिटावर ‘उद्याच दवाखान्यात जा’ असं लिहायचं आणि तेवढं एकच आत ठेवायचं, की सुटलो. त्यांनी पेन उघडलं. मांडीवर त्यांच्याच अक्षरातली ती तिकिटं पडली होती, शंभरएक तरी असतील. बघता बघता त्यांचा हात थांबला. हे शब्द आपण याआधी एकदा तोंडाने बोललो आहोत, हे वर्षभर लिहिताना त्यांच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

ते बाहेर आले आणि काट्याच्या पुढ्यात उभे राहिले.

“काटा काही सांगणार नाही, मी सांगतो,” ते म्हणाले. “माझी बायको, सखू, असंच दुखणं घेऊन आली होती. दिवाळीची सुट्टी, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिला म्हणालो, घाई करू नको, गर्दी ओसरली की जाऊ.”

“मग?” कुसाबाईंनी विचारलं.

“मग गर्दी ओसरली. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. माघात गेली.”

कुसाबाईंनी पाटी उचलून कडेवर घेतली. टेबलावरची चार तिकिटं तिथेच राहिली. दवाखान्यात केसपेपर किती वाजल्यापासून काढतात, एवढंच त्यांनी विचारलं.