गुरुजींचं स्वच्छ गाव

इगतपुरीला घाटात छत्र्या उलट्या होत असतात, तेव्हा सिन्नरच्या पूर्वेला आम्ही टँकरची वाट बघत असतो. पाणी नाही, पण हवा चांगली, असं आम्ही पाहुण्यांना वर्षानुवर्षं ऐकवत आलो. शहरातल्या माणसासमोर मिरवण्यासारखं आमच्याकडे तेवढंच होतं. आता तेही उरलं नाही. उन्हाळ्यात धूळ उडते, पण ती निदान दिसते; माणूस तिला शिव्या घालतो आणि दार लावून घेतो. हवा खरी बिघडते दिवाळीनंतर. थंडी पडली की धूर वर जायचं नाव घेत नाही, घरांच्या उंचीवर ठाण मांडून बसतो. आणि नेमकी तेव्हाच आमच्या गावाला स्वच्छतेची उबळ येते.

ही उबळ गावाला लावली माझ्या वडिलांनीच. ते इथल्या शाळेत मास्तर. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बाकी सगळं गाव गुरुजी. प्रार्थनेआधी मुलांनी मैदान झाडायचं, पाला कोपऱ्यात गोळा करायचा आणि गुरुजींनी काडी ओढायची, हा शिरस्ता. लिंबाचा पाला, बाजरीचं सरमड, असलंच काहीतरी असायचं. त्या धुरानं डास पळतात, असंही दादा सांगायचे. ती मुलं मोठी झाली, बाप झाली, एक तर सरपंचही झाला. सवय सुटली नाही. पहाटे दारोदार खराटा फिरतो आणि दारोदार ढीग पेटतो. ढिगात आता पाला नावापुरता. बाकी शेतात अंथरलेला प्लास्टिकचा फाटका मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, गुटख्याच्या पुड्या आणि लेकरांचे डायपर.

निवृत्तीनंतर दादांना दम्यानं गाठलं. नाशिकच्या डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि मला बजावलं, "धुरापासून लांब ठेवा. हिवाळ्यात जपा." जपायचं कसं? खिडक्यांना ओली चादर लावली, दाराच्या फटीत पोतं कोंबलं. तरी पहाटे दादा पलंगाच्या कडेला बसून, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत असायचे. तो आवाज ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेजारी सांगायला गेलो तर म्हणाले, "आता गुरुजींनीच शिकवलं ना भाऊ आम्हाला!"

शेवटी मी दादांनाच म्हटलं, "तुम्ही एकदा सांगा. तुमचं ऐकतील."

"जन्मभर झाडा म्हणालो," ते म्हणाले, "आता कोणत्या तोंडानं नको म्हणू?"

"झाडू नका असं कुठं म्हणायचंय? पेटवू नका म्हणा."

त्यांनी पंप तोंडाला लावला. शब्द मागे घेणं मास्तर लोकांना जमत नाही. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला.

त्याच हिवाळ्यात स्वच्छ गावाच्या स्पर्धेची कमिटी यायची होती. आदल्या पहाटे गावभरचा कचरा कोरड्या ओढ्यात नेऊन पेटवला. कमिटीला दिसू नये म्हणून! दिवसभर काळपट धूर गावावरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी दादा कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले, पंप खिशात. कमिटीतल्या बाईंनी विचारलं, "गुरुजी, गावाबद्दल काय सांगाल?" सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. मीही बघत होतो. आता बोलतील, असं मला खरंच वाटलं.

"पोरं चांगलं झाडतात," दादा म्हणाले आणि रुमाल तोंडावर धरून खोकला गिळत बसले. टाळ्या पडल्या. बक्षीस मिळालं. वेशीवर पाटी लागली.

संक्रांत त्यांनी पाहिली नाही.

दहाव्याच्या पहाटे मी दार उघडलं. आमची गल्ली लखलखीत झाडलेली आणि आमच्याच दारासमोर भलामोठा ढीग पेटलेला. भोवती दादांचे जुने विद्यार्थी, हातात टोप्या घेऊन. "गुरुजींच्या दारात आज कचरा राहू नाय दिला," सरपंच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"विझवा ते!" मी ओरडलो. "याच धुरानं मारलं त्यांना. तुम्ही मारलं!"

कुणालाही राग आला नाही. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा आत डोकावून माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, पाणी आणा जरा. भाऊंना लय लागलंय मनाला."

तिनं तांब्या आणून दिला. मी तो तसाच ढिगावर ओतला. ढीग चुरचुरला, अर्धवट विझला आणि धूर दुप्पट झाला. "असू द्या, असू द्या," म्हणत सरपंचानं मला हळूच बाजूला केलं. मग खिशातून काडेपेटी काढून त्यानं ढीग पुन्हा नीट पेटवून दिला.