आंब्याला बांधलेली होडी

परवा शहागंजच्या बाजारात मासळीच्या टोपल्यांजवळून जाताना सडका वास आला. थेट जायकवाडीच्या पाण्यावरची ती संध्याकाळ आठवली.

धरणात शेत गेल्यावर माझे वडील, अण्णा, मासे धरायला लागले होते. पण रात्री होडी बांधायची कुठं, ही रोजची पंचाईत. पैठणच्या बाजूला एकानं काठावर खुंट ठोकले होते. तिथं होडी बांधायची तर त्याला रोज जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा लागायचा. त्या दिवशी मीही होडीत होतो. अण्णा भडकले. "पाणी काय ह्याच्या बापाचं हाय?" म्हणत त्यांनी होडी वळवली आणि पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळलेल्या आंब्याजवळ नेली.

तिथं एक मेलेली म्हैस फुगून फांदीला अडकली होती. वर माश्या घोंघावत होत्या, पाण्यावर हिरवट तवंग. मला तर ओकारीच झाली.

अण्णांनी बैलाचं जुनं दावं काढून खोडाला गाठ मारली. "ह्याच आंब्याखाली आपली बैलं बांधायचो. आता होडी बांधू. कुणाला काय द्यायचं नाय." मग त्यांनी निवांत भाकरीचं फडकं सोडलं.

"शी! इथं घास तरी कसा उतरतो तुम्हाला?" मी ओरडलो. "त्या खुंटवाल्याला मासा द्या, पण चला हितून!"

अण्णांनी भाकरी परत बांधली. गाठ सोडली आणि होडी त्या खुंटांकडं वळवली.

आज किळस येते ती माझीच. म्हैस चार दिवसांत वाहून गेली असती. अण्णा मात्र त्या आंब्याकडं पुन्हा कधी गेले नाहीत.