लोकरीची पहिली मूठ

माझा थोरला भाऊ धुळा. वडूजच्या माळावर त्याच्याइतक्या सफाईनं मेंढरं कातरणारा दुसरा नव्हता. आमच्या घरात कातरलेल्या लोकरीचा पहिला मान बाईचा. धुळा पहिली मूठ न बघताच मागं धरायचा आणि वहिनी ती पदरात घ्यायची.

लढाई लागली तसा तो पलटणीत भरती झाला. सेहेचाळीस साली परत आला, तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. वहिनी तर वर्षापूर्वीच तापानं गेलेली. तरी कातरणीला बसला. पहिल्याच मेंढीला कातर लागली, रक्त आलं. मी चारचौघांत खेकसलो, "ठेव ती कातर! तुझ्यानं न्हाई व्हायचं आता. नुसती मेंढरं राख."

त्यानं कातर ठेवली. त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. एक म्हातारी मेंढी घेऊन एकटाच ओढ्याकाठी बसायचा आणि डाव्या हातानं चिमूटचिमूट लोकर कातरायचा. ती मेंढी अंगभर ठिगळं घेऊन फिरायची. लोक हसायचे. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

एकोणपन्नास साली तो पुन्हा कातरणीला बसला. डाव्या हातातली कातर पाण्यासारखी चालली. मेंढी हललीसुद्धा नाही. हसणारे जवळ सरकून बघू लागले.

मग कातर खाली ठेवून जुन्या सवयीनं त्यानं डाव्या हातानं पहिली मूठ न बघताच मागं धरली.

हात तसाच राहिला. मी धावत जाऊन माझ्या पटक्याचं टोक पुढं केलं.

त्यानं मूठ मिटून घेतली.